पिक्चरच्या डिस्कच्या ११३ डब्यांचं सेकंडहँड खोकं: घ्यावं का?

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेले पुढे निघतील. पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार विकणाऱ्याचा कापलाय आणि एक पूर्ण स्टार माझ्या स्वतःच्या मूर्खपणाचा, तो का ते खाली येईलच.

घरी पिक्चरचा स्वतःचा संग्रह करायचा हे खूळ डोक्यात शिरलं तेव्हा नवीन डिस्क (डीव्हीडी, ब्लू-रे) घ्यायचा विचार साधारण दोन दिवस टिकला. भाव बघितले आणि गप सेकंडहँडकडे वळलो. सुरुवातीला एकेक घेत होतो, मग कळलं की एकेक घेण्यात डिस्कपेक्षा पाठवायचा खर्च जास्त पडतो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून मिक्स लॉट. म्हणजे कोणीतरी घर बदलतंय किंवा कपाट रिकामं करतंय आणि सगळं एकदम काढतंय, निवडायची सोय नाही, उचलायचं तर अख्खं खोकं उचलायचं. माझ्या लॉटच्या जाहिरातीत लिहिलेलं, "१२०च्या आसपास पिक्चर, कंडिशन चांगली, सुटे देणार नाही." फोटो तीन, त्यातल्या एकात डिस्कपेक्षा सोफाच जास्त दिसत होता. मी मेसेज केला, "दादा, यादी मिळेल का?" उत्तर आलं, "एवढी यादी कोण करत बसणार, घ्यायचं तर घेऊन टाका." नवीन चार-पाच डिस्कच्या पैशात येत होतं, घेऊन टाकलं.

खोकं आलं ते एका बाजूने दबलेलं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरलेले पण फक्त वरच्या बाजूला, खाली डबे एकमेकांवर आपटत आलेले. उघडताना बायको शेजारी उभी होती, तिने एवढंच विचारलं, "हे सगळे आपण बघणार आहोत?" मी म्हटलं हो. (अजून बघतोच आहोत.)

आता हिशोब. १२० म्हणून सांगितलेले निघाले ११३. ते सोडा, आसपास म्हटलेलंच होतं. पण ११३ पैकी ४ डबे रिकामे. ३ मध्ये भलतीच डिस्क, बाहेर युद्धपट आणि आत लहान मुलांना अंक शिकवायची डिस्क असं. ९ चक्क घरी बर्न केलेल्या, कव्हर मात्र रंगीत प्रिंट मारून छान बसवलेलं. ६ चालल्याच नाहीत. १७ माझ्याकडे आधीच होत्या. आणि ११ अशा की डिस्क ठणठणीत, पिक्चर चांगला, पण आवृत्ती चुकीची. म्हणजे ५० गेले, उरले ६३. तरीही भागाकार केला तर एक डिस्क नव्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही स्वस्त पडते, त्यामुळे तोट्याचा सौदा नाही म्हणता येत. पण "१२० पिक्चर" वाचून डोक्यात जे चित्र उभं राहतं ते आणि हातात येतं ते यात बराच फरक आहे हे धरून चाला.

यातल्या ११ बद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण भंगार डिस्क ओळखायला सगळे शिकतात, चुकीची आवृत्ती ओळखायला कोणी शिकवत नाही. मी एक पिक्चर तीन वेळा विकत घेतलाय. नाव नाही सांगत, हसाल. पहिल्यांदा घेतला तो डब्यावर बारीक अक्षरात "फुल स्क्रीन" लिहिलेला. मला वाटलं फुल स्क्रीन म्हणजे चांगलंच की, पूर्ण स्क्रीन भरणार. तर जुन्या चौकोनी टीव्हीसाठी रुंद पिक्चरच्या दोन्ही बाजू कापून काढलेल्या असतात त्याला फुल स्क्रीन म्हणतात. त्यात एक सीन आहे, लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना दोन भाऊ बसून भांडतायत. माझ्या डिस्कवर काय दिसायचं, तर मधलं टेबल, डावीकडे एका भावाचं नाक, उजवीकडे दुसऱ्याचा कोपर. आवाज दोघांचा, माणूस एकही नाही. दुसऱ्यांदा घेतला तो "वाइडस्क्रीन" बघून घेतला, शहाणा झालेलो ना. तो निघाला लेटरबॉक्स. म्हणजे रुंद चित्र चौकोनी फ्रेममध्ये वरखाली काळ्या पट्ट्या टाकून बसवलेलं, आणि ती चौकोनी फ्रेम आताच्या रुंद टीव्हीवर लावली की डावीउजवीकडेही काळं, वरखालीही काळं, मधे खिडकीएवढा पिक्चर. झूम केलं की सगळं पुसट. तिसऱ्यांदा मात्र डब्याच्या मागे "अॅनामॉर्फिक" किंवा "१६:९ टीव्हीसाठी" असं काही लिहिलंय का हे बघून घेतला आणि तेव्हा कुठे दोन्ही भाऊ एकदम दिसले. डीव्हीडीच्या सुरुवातीच्या काळातल्या, म्हणजे १९९७ पासून पुढच्या काही वर्षांतल्या डिस्कमध्ये हे लेटरबॉक्स प्रकरण बरंच सापडतं, आणि मिक्स लॉटमध्ये नेमक्या त्याच डिस्क भरपूर असतात कारण लोक त्याच आधी काढून टाकतात.

म्हणून माझं म्हणणं असं की सेकंडहँडमध्ये पिक्चर विकत घेऊच नका, आवृत्ती विकत घ्या. पिक्चर तर कुठेही सापडतो, आणि स्वस्त मिळणं हा इथे पराक्रम नाहीच. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची. तिथे सगळं असतं, फ्रेमचा आकार, मिनिटं, भाषा, सबटायटल, रीजन (म्हणजे जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते).

मिनिटांवरून आठवलं. माझ्याकडे एका पिक्चरच्या दोन डिस्क आल्या, एकीवर १२० मिनिटं आणि दुसरीवर ११५. मी सरळ समजलो की ११५वाली कापलेली, ती बाजूला टाकली. नंतर शेजारी शेजारी लावून बघितल्या तर एकही सीन कमी नाही. भानगड अशी की पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमवर शूट होतो आणि पाल नावाच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ फ्रेमने पळवतात, म्हणजे जवळपास ४ टक्के जोरात. दोन तासांचा पिक्चर पाच मिनिटं आधी संपतो, आणि आवाजाची पट्टी वर सरकते ती नीट केली नसेल तर माणसं थोडी पातळ आवाजात बोलतात. एकदा कळलं की मग कानाला खटकतंच, न कळलेलं बरं. उलट पाल डिस्कला रेषा जास्त, ५७६, आणि एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कला ४८०, त्यामुळे चित्र किंचित भरीव दिसतं. काय निवडायचं ते तुमच्या कानांवर आणि डोळ्यांवर. मी गाणी असलेले पिक्चर एनटीएससीमध्ये शोधतो आणि बाकीचं जे मिळेल ते. ब्लू-रेवर (डीव्हीडीनंतर आलेली, जास्त बारीक चित्राची डिस्क) पिक्चर साधारण मूळ २४ फ्रेमनेच असतो त्यामुळे तिथे ही कटकट जवळपास नाही.

आता तपासणी. हे मी ठेचा खाऊन शिकलोय. समोरासमोर घेत असाल तर पहिली गोष्ट डबा कानाशी धरून हळूच हलवा. खडखड आली की समजायचं मधले दात तुटलेत आणि डिस्क आत सुटी फिरतेय, आणि ते तुटलेले प्लास्टिकचे तुकडेच तिच्यावर चरे पाडत बसलेत. माझ्या खोक्यात अशा खडखडणाऱ्या बऱ्याच होत्या, पण सगळ्याच गेलेल्या नव्हत्या. मग डिस्क काढा, काढताना मधलं बटण दाबून काढा, कडेला धरून वाकवून उपटू नका, मधल्या भोकाशी केसासारखी चीर जाते आणि तशी डिस्क प्लेयरमध्ये जोरात फिरायला लागली की फुटूही शकते. चीर दिसली तर ती डिस्क फुकट मिळाली तरी लावायची नाही. मग खालची बाजू उजेडात तिरकी धरा. चरे दिसतातच, पण कोणत्या दिशेचे ते बघा. मधून कडेकडे गेलेला उभा चरा दिसायला भयानक असतो पण बहुतेक वेळा चालून जातो, कारण डिस्क फिरत असताना लेझर गोल ट्रॅकवरून वाचतो आणि त्या चऱ्यावरून एका फेरीत क्षणभरच जातो, तेवढी चूक प्लेयर स्वतःच भरून काढतो. गोलाकार, म्हणजे ट्रॅकच्याच दिशेने गेलेला चरा मात्र बारीक दिसला तरी वाईट, लेझर त्याच्यातच अडकून पडतो. मी सुरुवातीला नेमकं उलटं करायचो, उभे चरे बघून नाही म्हणायचो आणि गोल बारीक रेघ बघून "एवढंसं तर आहे" म्हणून घ्यायचो.

नंतर डिस्क दिव्यासमोर धरून आरपार बघा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे बारीक ठिपके दिसले किंवा आत ढगाळ डाग दिसले तर सोडून द्या, आतला अॅल्युमिनियमचा चमकता थर खराब व्हायला लागलाय, त्याला डिस्क रॉट म्हणतात आणि तो पुसून जात नाही. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलीमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्या दोघींच्या मधे, चिकटवण नीट नसेल तर हवा शिरते. आणि घरी बर्न केलेली ओळखायची तर खालचा रंग बघा, कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी असते, डबल लेयर (दोन थरांची) असेल तर जरा सोनेरी, बर्न केलेलीला जांभळट किंवा निळसर झाक असते. शिवाय छापलेलीच्या मधल्या कड्यात बारीक नंबर आणि बारकोड कोरल्यासारखे असतात. माझ्या ९ बर्न केलेल्यांची कव्हरं इतकी झकास होती की विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसावं. किंवा असावं. पाडलेला अर्धा स्टार तिथलाच.

न चालणाऱ्या ६ ची गंमत सांगतो. त्यातल्या २ तर खराब नव्हत्याच. लाल रंगाचे डबे, मी खूश, काहीतरी स्पेशल एडिशन दिसतेय म्हणून. त्या होत्या एचडी डीव्हीडी. ब्लू-रेच्या विरोधात उभा राहिलेला फॉरमॅट, तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये हात टेकले आणि तो संपला. साध्या डीव्हीडी प्लेयरमध्ये चालत नाही, ब्लू-रे प्लेयरमध्ये चालत नाही, त्याचा वेगळा प्लेयर लागतो. डबे मी शोपीस म्हणून ठेवलेत. रंग लक्षात ठेवा, एचडी डीव्हीडी लाल, ब्लू-रे निळा, फोर-के काळा, आणि साधी डीव्हीडी जाड काळी पण तिच्या माथ्यावर डीव्हीडीच लिहिलेलं असतं.

बाकीच्या ४ पैकी २ धुऊन चालल्या असत्या असं आता वाटतं पण तेव्हा अक्कल नव्हती. एक डिस्क नेमकी पिक्चर अर्धा झाला की अडकायची, दर वेळी तिथेच. मी डिस्क गेली म्हणून फेकून दिली. नंतर समजलं की डबल लेयर डीव्हीडीत, म्हणजे ८.५ जीबीवाल्या, लेझर पहिला थर मधून बाहेर वाचत जातो आणि मग दुसरा थर बाहेरून आत वाचत येतो. म्हणजे बऱ्याच पिक्चरचा मध्यंतराच्या आसपासचा भाग डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ असतो, आणि आपण डिस्क धरतो कुठे तर कडेला. बोटांचे तेलकट ठसे तिथेच. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबरचं फडकं, मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. नंतर आलेल्या दुसऱ्या एका खोक्यातल्या पाच अडकणाऱ्या डिस्क मी एवढ्यावर चालू केल्यात. टूथपेस्टचा उपाय सगळे सांगतात, मी दोन डीव्हीडींवर केला, एक चालली आणि एक आधीपेक्षा वाईट झाली. ब्लू-रेवर तर अजिबात करू नका. तिथे माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलीमीटर आत असतो, त्यावर कडक कोटिंग असतं म्हणून सहसा चरे पडत नाहीत, पण खोल पडला की संपलं, घासायला वर प्लास्टिकच उरत नाही. डिस्क पॉलिश करून देणारी मशीन असतात ती डीव्हीडीला कामाची, ब्लू-रे त्यांच्याकडे नेण्यात अर्थ नाही.

भाड्याने द्यायच्या दुकानांतून निवृत्त झालेल्या डिस्क हा वेगळा वर्ग आहे. माझ्या खोक्यात पंधराएक होत्या, डब्यावर स्टिकरवर स्टिकर, डिस्कवरही गोल स्टिकर. डब्यावरचं स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून हळूच ओढलं की निघतं. डिस्कवरचं खेचू नका, लेबलसकट वर येतं. अशा डिस्क शेकडो हातांतून गेलेल्या असतात म्हणून मी त्या नाकारायचो, पण माझा अनुभव उलटाच निघाला, दुकानदार त्या वेळोवेळी पॉलिश करायचे म्हणून असेल, पण पंधरातली फक्त एक गेली. बऱ्याचदा भाड्याच्या आवृत्तीत बोनसवाली दुसरी डिस्क नसते, दिग्दर्शकाची कॉमेंट्री नसते, ते तेवढं बघून घ्या. कॉमेंट्री ही गोष्ट डिस्क गोळा करायचं माझं निम्मं कारण आहे, रात्री जेवणं आटपली की आधी बघितलेला पिक्चर कॉमेंट्री लावून पुन्हा बघायचा, शेजारी बसून कोणीतरी गुपितं सांगतंय असं वाटतं.

डिजिटल कॉपीचे कोड. खोक्यात अशा चिठ्ठ्या वीस तरी निघाल्या, "हा कोड टाका आणि पिक्चर कायमचा तुमचा". कायमचा. त्यातल्या कितीतरी अल्ट्राव्हायोलेट नावाच्या सेवेच्या, जी ३१ जुलै २०१९ ला बंदच झाली. बाकीच्यांच्या मुदती कधीच्या उलटलेल्या. त्याच डब्यातली डिस्क मात्र पहिल्या झटक्यात चालली. जाहिरातीत कोणी "डिजिटल कोडसहित" लिहून भाव वाढवत असेल तर त्या कोडचे शून्य पैसे धरा.

रीजनचं प्रकरण थोडक्यात. डीव्हीडीवर पृथ्वीच्या गोलावर १ ते ६ आकडा असतो, प्लेयरच्या आकड्याशी जुळला नाही तर प्लेयर तोंड फिरवतो. शून्य किंवा ऑल असेल तर कुठेही चालते. (८ नंबर विमानं आणि जहाजांसाठी राखलेला आहे, तशी एखादी डिस्क लॉटमध्ये सापडावी अशी माझी फार इच्छा आहे.) ब्लू-रेला ए, बी, सी. फोर-के डिस्कला रीजन नाहीच, देव त्यांचं भलं करो. माझ्या ६३ पैकी ५ दुसऱ्या रीजनच्या, त्या मी लॅपटॉपला जुना ड्राइव्ह जोडून व्हीएलसी नावाच्या सॉफ्टवेअरवर बघतो, बहुतेक वेळा चालतात, एखादा ड्राइव्ह हट्टी असतो. ड्राइव्हचं रीजन बदलायला जाल तर मोजून पाच वेळा बदलता येतं आणि पाचव्याला जे असेल ते कायमचं चिकटतं, माझ्या एका ड्राइव्हचं तसं झालंय, आता तो फक्त त्या पाच डिस्कसाठीच राखीव आहे, त्यामुळे नुकसान झालं असं म्हणवत नाही.

प्लेयरसुद्धा सेकंडहँडच घेतला. इथे मात्र घाई करा असं म्हणेन. ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये प्लेयर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात नवीन मॉडेल आणणार नाही म्हणून सांगितलं, नेटफ्लिक्सनेही पोस्टाने डिस्क पाठवणं २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केलं. म्हणजे डिस्क स्वस्त होतायत त्याच वेगाने त्या वाचणारी यंत्रं कमी होतायत. व्हीएचएसचं हेच झालं, फुनाईने जुलै २०१६ मध्ये शेवटचा व्हीसीआर बनवला, आज कॅसेट फुकट मिळते आणि चालू व्हीसीआरसाठी फिरावं लागतं. डिस्कवर सगळे पैसे घालवण्याआधी एक चांगला ब्लू-रे प्लेयर घरात आणून ठेवा, तो डीव्हीडीही वाचतो आणि ४८० रेषांचं चित्र मोठ्या टीव्हीवर बरंच सावरून दाखवतो. घेताना ट्रे दहा वेळा उघडून बंद करून बघा, आणि एक डबल लेयर डिस्क सोबत न्या, मध्यापर्यंत फास्ट फॉरवर्ड करा. तिथे तो अडखळला नाही तर घ्या. रिमोट नसेल तर भाव करा, काही प्लेयरमध्ये रिमोटशिवाय मेन्यूच हलत नाही.

मोठ्या टीव्हीवर डीव्हीडी बघवते का असं सगळे विचारतात. खरं सांगू का, पिक्चरवर आहे. जुने ब्लॅक अँड व्हाइट, कार्टून, खोलीत बसून बोलणाऱ्या माणसांचे पिक्चर, सगळं छान. रात्रीचे सीन, पाऊस, गर्दी, लांबवरचा डोंगर असेल तर डीव्हीडी चिखल करते, तिथे १०८० रेषांची ब्लू-रेच शोधा. मी आता नियम केलाय, जे पिक्चर परत परत बघणार ते ब्लू-रेवर, आणि जे एकदा बघून कोणाला तरी द्यायचे ते डीव्हीडीवर. फोर-के माझ्या टीव्हीला शोभतं पण सेकंडहँडमध्ये अजून फार उतरत नाही. एक युक्ती लक्षात ठेवा, एखाद्या पिक्चरची नवीन रिस्टोअर केलेली आवृत्ती जाहीर झाली की लोक जुनी आवृत्ती विकायला काढतात, त्या महिन्याभरात जुनी ब्लू-रे धडाधड स्वस्त होते, आणि ती जुनी बऱ्याचदा पुरेशी चांगली असते. कधी कधी नव्यापेक्षाही चांगली, कारण नव्यात कोणीतरी रंगांशी खेळलेलं असतं किंवा मूळ फिल्मचे दाणे पुसायच्या नादात माणसांचे चेहरे मेणाचे करून ठेवलेले असतात.

आता तो माझ्या मूर्खपणाचा स्टार. १७ डुप्लिकेट. माझ्याकडे यादीच नव्हती. मला वाटायचं आपल्याकडे काय आहे ते आपल्याला माहीत असतं, शंभरच्या पुढे गेलं की नसतं. आता मोबाईलवर एक साधी शीट आहे, नाव, साल, फॉरमॅट, मिनिटं, फ्रेमचा आकार आणि डबा कुठे ठेवलाय ते. बारकोड स्कॅन करून यादी करणारी अॅपही आहेत, मी वापरून सोडली, ती आवृत्ती चुकवतात आणि मला आवृत्तीचंच पडलेलं असतं. जागेचा हिशोबही आधी करा. डीव्हीडीचा नेहमीचा डबा १४ मिलीमीटर जाड, मीटरभर फळीवर सत्तरएक बसतात. माझ्या ११३ साठी दीड मीटरहून जास्त फळी लागली, आणि ती फळी नवीन करून घेतली ती अख्ख्या खोक्यापेक्षा महाग. नाकापेक्षा मोती जड. डबे उभेच ठेवा, आडवे रचले की खालचे दबतात, आणि खिडकीच्या उन्हात नको, कव्हरांचा रंग उडतो आणि डिस्कलाही ते चांगलं नाही.

६३ मध्ये मला हवे होते असे चाळीसएक. बाकीचे तेवीस कधी नावही न ऐकलेले. ते मी काढून टाकणार होतो, लेकीने अडवलं, म्हणाली दर रविवारी त्यातला एक डोळे मिटून काढायचा आणि काढला की बघायचाच, वीस मिनिटांच्या आत बंद करायचा नाही. आतापर्यंत चौदा झाले. सहा भयंकर होते, पाच ठीक, तीन असे निघाले की मी त्यांच्या ब्लू-रे शोधतोय. शोधून, निवडून, परीक्षणं वाचून मी हे तीन जन्मात घेतले नसते. मिक्स लॉटला साडेतीन स्टार मिळाले त्यातला एक पूर्ण या तिघांचा आहे.

विकणाऱ्या दादांना मी रिकाम्या डब्यांबद्दल मेसेज केलेला. त्यांचं उत्तर, "बघतो, इथेच कुठेतरी असतील." तीन आठवड्यांनी पाकीट आलं, माझी अपेक्षा नव्हती, चारपैकी दोन डिस्क खरंच सापडल्या होत्या, वहीच्या कागदात गुंडाळून पाठवलेल्या, पैसे मागितले नाहीत. कापलेल्या अर्ध्या स्टारचा विचार तेव्हा पुन्हा केला, पण ९ बर्न केलेल्या आठवल्या आणि तसाच ठेवला. त्या पाकिटात एक तिसरीही डिस्क होती, न मागितलेली, एका मालिकेच्या चार डिस्कच्या संचातली तीन नंबरची. माझ्याकडे त्या मालिकेचं काहीच नाही. एक, दोन आणि चार कोणाकडे तरी असणार आणि तो माणूस तीन नंबर शोधत बसला असणार. डिस्क धुऊन, पुसून, चालवून बघितलीय, स्वच्छ आहे, मधे कुठे अडकत नाही, वाइडस्क्रीन आहे. ज्याची असेल त्याने बाकीच्या तीन डिस्कचा फोटो पाठवावा, पाठवायचा खर्च माझा.